न जुळवायचं हाड

माणिकप्पांकडे माझं लक्ष पहिल्यांदा गेलं ते त्यांच्या चपलांमुळे. शाळेच्या व्हरांड्यात चौथीतला एक पोरगा हाताचं मनगट धरून कळवळत होता. अख्खी चौथी आणि गल्लीतल्या पाच-सहा बायका त्याच्याभोवती गोळा झाल्या होत्या. अशा गोंधळात एक उंच, सडपातळ माणूस आला आणि पायरीशी थांबून आधी चपला नीट जोडीनं काढून ठेवू लागला. घाई म्हणून नव्हतीच. मग काखेतली पिशवी खाली ठेवली. तिच्यात बांबूच्या कामट्या, धोतराच्या फाडलेल्या पट्ट्या आणि डब्यात उडदाचं पीठ. इतर गावचे हाडवैद्य पिठात अंड्याचा बलक घालतात, पण लिंगायताच्या घरात अंडं कुठून येणार? माणिकप्पा बाभळीचा डिंक वापरत.

ते पोराच्या पुढ्यात मांडी घालून बसले आणि त्याचा हात अलगद आपल्या हातात घेतला.

"कुणाचा रं तू?"

"श्रीमंत मान्याचा."

"तुमच्यात म्हैस हाय का?"

"हाय."

"काय नाव तिचं?"

पोरगं रडता रडता विचारात पडलं. "चंद्री" असं म्हणायला गेलं आणि त्यातल्या 'द्री'ची किंकाळी झाली. तोवर मनगट जागेवर आलं होतं.

"नाव झ्याक हाय," माणिकप्पा म्हणाले आणि पट्टी गुंडाळायला लागले.

बांधून झाल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, हात हलवू द्यायचा न्हाय. लिहिलं न्हाय तरी चालंल." वर्गातली बाकीची पोरं त्या रडक्याकडे हेव्यानं बघायला लागली. "हाड आपलं आपण जुळतंय. आपण फकस्त त्याला गप बसवायचं. आमच्या आज्ज्यापासनं हीच एक विद्या."

नळदुर्गाच्या अलीकडे, महामार्ग सोडून आत असलेलं आमचं गाव. तिथं आणि आसपासच्या वाड्यांवर ही विद्या चालायची. ढाब्यावरचे ट्रकवालेसुद्धा मुरगळलेला पाय घेऊन त्यांच्या दारात यायचे. सीमेपलीकडची माणसं यायची, त्यांच्याशी माणिकप्पा कानडीत बोलायचे. म्हशीचं नाव मात्र सगळ्यांना विचारायचे. ट्रकवाल्यांनासुद्धा.

पुढे त्यांची मुलगी शिवप्रिया पाचवीला माझ्या वर्गात आली. मधल्या सुट्टीत सगळी मुलं रांगेनं खिचडी खायला बसायची, ही एकटी भिंतीकडे तोंड करून. एकदा मी मागून जाऊन बघितलं. तिचे वरचे आणि खालचे दात एकमेकांवर मिटलेले होते. उजव्या बाजूची एक दाढ पडलेली होती, त्या फटीतून ती खिचडी बोटानं थोडी थोडी आत सारत होती. मला बघून तिनं ताट झाकलं.

तिचं तोंड उघडतच नव्हतं. हनुवटी मागे सरलेली आणि उजवीकडे झुकलेली. बोलताना ओठ हलत, शब्द दातांच्या फटींतून येत, पण सवयीनं नीट कळत. वर्गातली पोरं तिला 'कुलूप' म्हणायची. एका पोराला ती म्हणाली, "कुलूप धनाच्या पेटीला असतंय. तुझ्या तोंडाला तर कडीबी न्हाय." त्यानंतर ते नाव जरा मागे पडलं.

मी माणिकप्पांना विचारलं. "दातखीळ हाय, बाई. लहानपणापासनं. रोज तेल लावून चोळतो मी." नळदुर्गाच्या दातांच्या डॉक्टरकडे एकदा नेलं होतं. तोंडच उघडत नाही तर आत बघू काय, सोलापूरला न्या, असं तो म्हणाला. मग ते राहून गेलं. पोरगी अभ्यासात पुढे होती, कामाला चपळ होती. फक्त वर्गात झोपायची. तिची आई गौराबाई म्हणाली की आडवं झालं की हिला श्वास पुरत नाही, म्हणून उशांना टेकून बसूनच झोपते.

मार्चअखेरीस, सकाळची शाळा सुरू झाल्यावर, एक दिवस ऊन बाधलं म्हणून की काय, तिला खिचडी खाल्ल्यावर उलटी आली. उलटी बाहेर यायला तोंडच नव्हतं. तिनं दोन्ही हातांनी गळा धरला. डोळे मोठे झाले, ओठ निळे पडायला लागले, आणि आवाज काहीच नाही. मी तिला मांडीवर उपडं घेतलं, डोकं खाली केलं आणि पाठीत थापट्या मारत राहिले. नाकातून आणि त्या दाढेच्या फटीतून थोडं थोडं बाहेर आलं. शेवटी तिनं एक लांब, घुरघुरणारा श्वास घेतला. मुलं भिंतीला चिकटून उभी होती.

माणिकप्पा शेतातून धावत आले. त्या दिवशी चपला काढायचं त्यांच्या लक्षात आलं नाही.

मी म्हटलं, "माणिकप्पा, हे पुन्हा झालं आणि जवळ कुणी नसलं तर?"

ते लेकीच्या ओठांकडे बघत होते. "उद्याच जाऊ. तुमी येताव का, बाई? मला तिथलं बोलणं उमगत न्हाय."

सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात जबड्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टर सोनाली बिराजदार भेटल्या. तिशी-पस्तिशीच्या, शांत. त्यांनी शिवप्रियाच्या कानापुढे बोटं ठेवली आणि तिला तोंड उघडायला सांगितलं. काहीच हललं नाही. मग वळून विचारलं, "लहानपणी कधी पडली होती का? हनुवटीवर?"

"व्हय," माणिकप्पा म्हणाले. "चार वर्साची असंल. पंचमीच्या झोक्यावरनं पडली. हनुवटी फुटली, हितं कानाजवळ सूज आली."

"मग काय केलं?"

"म्या बांधलं की." या प्रश्नाचं उत्तर त्यांना चांगलं ठाऊक होतं, त्यामुळे आवाजात जरा जोर आला. "हनुवटीखालनं डोक्यावरनं पट्टी. आतलं हाड मोडलं असंल म्हणून अजिबात हलू दिलं न्हाय. पातळ कांजी पाजली. दसऱ्यालाच सोडली पट्टी."

डॉक्टरबाईंनी कागदावर काही लिहिलं. त्यांनी आम्हाला स्कॅन करायला पाठवलं. दुपारी संगणकावर शिवप्रियाच्या कवटीचं चित्र दिसलं, सगळ्या बाजूंनी फिरवता येणारं. डाव्या कानापुढे जबड्याच्या हाडाचं टोक आणि कवटी यांच्यात एक बारीक काळी रेघ होती. उजवीकडे रेघ नव्हती. हाडाचा एकच पांढरा गठ्ठा.

"हा सांधा उरलाच नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "जबडा कवटीला जुळून गेलाय. असे रोगी आमच्याकडेही फार येत नाहीत. सांधा धरला म्हणून खालचा जबडा वाढला नाही, जीभ मागे पडते, म्हणून झोपेत श्वास अडतो."

माणिकप्पा खुर्चीतून पुढे वाकले. त्यांनी पडद्यावरच्या त्या पांढऱ्या गठ्ठ्यावर बोट ठेवलं, जसं ते लोकांच्या बरगड्यांवर ठेवायचे.

"काय मजबूत जुळलंय," ते म्हणाले.

मग बोट तिथंच राहिलं. थोड्या वेळानं त्यांनी हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला.

"बाई," त्यांनी विचारलं. मला नव्हे, डॉक्टरांना. "बांधाय नको होतं का?"

डॉक्टरबाईंनी सरळ उत्तर दिलं. त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. "सगळ्या हाडांना गप बसवतात. लहान मुलाचा हा सांधा मात्र पडल्यावर हलता ठेवावा लागतो, नाहीतर तो जुळतो. हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं."

शिवप्रिया सगळं ऐकत होती. ती चित्राकडे बघत होती, बापाकडे नाही.

शस्त्रक्रिया ठरली. डॉक्टरबाईंनी धोका लपवला नाही. बेशुद्ध करताना श्वासाची नळी घालावी लागते, इतरांना ती तोंडातून घालतात. इथं तोंडात वाट नव्हती. म्हणून मुलीला जागी ठेवून, नाक आणि घसा बधिर करून, बारीक दुर्बिणीच्या मदतीनं नाकातून नळी घालायची. नळी जात असताना तिनं घाबरून मान फिरवली तर कठीण. आणि नळी नाहीच गेली, श्वास अडला, तर गळ्याला छेद द्यावा लागेल. माणिकप्पांनी हे दोनदा ऐकलं आणि सही केली.

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी परिचारिका म्हणाली, "गळ्यातलं काढा." शिवप्रियाच्या गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी होती. गौराबाईनं त्यावर हात ठेवला. "ते अंगावरनं उतरवत न्हाईत."

"आई, गळा मोकळा पाहिजे. वेळ आली तर तिथंच छेद द्यायचाय."

"मग नको करू ऑपरेशन."

परिचारिका थांबली. माणिकप्पा भिंतीकडे बघत उभे राहिले, एरवी घरात शेवटचा शब्द त्यांचा असायचा. आतून डॉक्टरबाई आल्या. त्यांनी गौराबाईला कानडीत काहीतरी विचारलं, गौराबाईनं कानडीतच उत्तर दिलं. मग डॉक्टरबाई मराठीत म्हणाल्या, "धातूची डबी आत चालत नाही. लिंग स्वच्छ कापडात घ्या आणि हिच्या दंडाला बांधा. अंगावरच राहील, मी वरून पट्टी लावते." गौराबाईनं पदराच्या आड ते बांधलं. गाठ तिनं तीनदा तपासली.

माझ्याही मनात एकच गोष्ट होती, पोरीनं मान हलवली तर. आत जाताना शिवप्रियाला मी म्हटलं, "अजिबात हलायचं नाही हं." ती दातांतून म्हणाली, "घरात हाडवैद्य हाय, बाई. हलायचं न्हाय ते मला येतंय."

दार बंद झालं. माणिकप्पा बाकावर बसले. बऱ्याच वेळानं मी बघितलं तर त्यांनी दोन्ही हातांची बोटं आपल्या कानांपुढे दाबली होती आणि ते तोंड सावकाश उघडत होते, मिटत होते. समोरून जाणारी एक बाई हसली. त्यांना कळलं नाही.

"हितं हाड सरकतंय," ते मला म्हणाले. "पुढं येतंय, मागं जातंय. सगळ्या गावाची हाडं चाचपली, बाई. हे कधी चाचपून बघितलं न्हाय."

दुपार कलायला लागली तेव्हा डॉक्टरबाई बाहेर आल्या. नळी पहिल्याच प्रयत्नात गेली होती, मुलगी हलली नव्हती. जुळलेलं हाड कापून मध्ये फट केली होती आणि फटीत शेजारचा स्नायू भरला होता. गळ्याला हात लावावा लागला नव्हता.

दुसऱ्या दिवशी शिवप्रियाच्या तोंडात तिचीच तीन बोटं उभी मावली. गौराबाईनं स्टीलचं ताट तिच्यापुढे धरलं. ती किती तरी वेळ ताटात बघत राहिली, मग जीभ बाहेर काढली, आत घेतली, पुन्हा काढली.

"येवढी लांब असती व्हय?" तिनं विचारलं.

आम्ही घरी निघालो तेव्हा डॉक्टरबाईंनी लाकडी चपट्या काड्यांचा गठ्ठा दिला. एकीवर एक ठेवून दातांमध्ये सारायच्या, रोज काही वेळा, हळूहळू संख्या वाढवायची. त्या माणिकप्पांकडे बघून म्हणाल्या, "कापलेली दोन टोकं पुन्हा भेटू द्यायची नाहीत. तुम्ही आजवर केलं त्याच्या अगदी उलट. ती रडेल. रडली तरी. हे झालं नाही तर तोंड पुन्हा मिटेल, आणि दुसऱ्यांदा हे काम फार अवघड असतं."

"कळलं," माणिकप्पा म्हणाले.

उन्हाळ्याची सुट्टी लागली. मी लातूरला बहिणीकडे गेले होते, आल्यावर संध्याकाळी त्यांच्या घरी डोकावले. शिवप्रिया ओट्यावर बसली होती. हनुवटीखालून डोक्यावर धोतराची पांढरी पट्टी बांधलेली. गाठ मला ओळखू आली. तशी गाठ गावात एकच माणूस मारायचा.

मी काही बोलायच्या आधी माणिकप्पाच बाहेर आले. डोळे जागरणानं तांबारले होते.

"जखम अजून ओली हाय, बाई. काड्या घातल्या की पोरगी तडफडायलीय. आत कटकट वाजतंय. ताजं कापलेलं हाड हाय, त्याला हलवायचं म्हणजे..." त्यांनी हात झटकला. "चार दिवस गप बसू द्या. जखम धरली की हलवू."

"डॉक्टरांना विचारलं?"

ते ओट्याच्या कडेला टेकले.

"शिवप्रिया, पट्टी जरा सैल कर. बोट घालून दाखव."

तिनं पट्टी खाली ओढली आणि बोट तोंडाशी नेलं. एक बोट गेलं, तेही आडवं. दुसरं दातांवर अडलं. तिनं जोर केला आणि डोळ्यांत पाणी आलं.

गौराबाई चुलीपुढून उठून दारात आली. तिच्या हातात परात होती. "साकु," ती म्हणाली. कानडीत 'पुरे' म्हणायची तिची ती पद्धत होती. "म्या सांगून दमले, बाई. हे ऐकनात. गावच्या पोरांची हाडं जोडलाव, लई चांगलं केलाव. आता लेकीचं तोंड दुसऱ्यांदा जोडाय बसलाव."

माणिकप्पांनी वर बघितलं नाही. "माझ्या हातानं व्हत न्हाय," ते हळूच म्हणाले. "काडी सारली की ती माझ्याकडं बघती. पयल्यांदा बांधलं तवाबी अशीच बघत होती. मला आठवतंय ते."

गोठ्यात म्हैस दाव्याला ओढ देत होती. मला सोलापूरचं ते पांढरं चित्र दिसत होतं, आणि मनात येत होतं की फटीत आत्ता, इथं बसल्या बसल्या, काय भरत असेल.

शिवप्रियानं पट्टी डोक्यावरून काढली. नीट घडी घातली आणि बापाच्या हातात दिली.

"अप्पा, दुसऱ्याचं लेकरू रडायलं की तुमी हात सोडताव का?"

"न्हाय."

"मग मलाबी म्हशीचं नाव इचारा."

माणिकप्पा पट्टी हातात घेऊन उठले. मग ते आत गेले, हात धुऊन आले, काड्यांचा गठ्ठा आणला आणि तिच्या पुढ्यात मांडी घालून बसले, शाळेच्या व्हरांड्यात बसले होते तसे. एक काडी सारली. दुसरी. तिसरीला तिनं त्यांचं मनगट घट्ट धरलं.

"तुमच्यात म्हैस हाय का?" त्यांनी विचारलं.

तिनं मान हलवली.

"काय नाव तिचं?"

तोंडात काड्या असताना नाव कसलं घेणार? तिनं "आं" असा काहीतरी आवाज काढला आणि त्याच वेळी चौथी काडी आत गेली. तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं. माणिकप्पांच्याही.

"आं?" गौराबाई दारातून म्हणाली. "आपल्या म्हशीचं नाव कवापासनं आं झालं?"

पोरीला हसू आलं, हसताना जास्त दुखलं, आणि ती रडत-हसत तशीच बसली. काड्या मात्र तिनं काढल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं आम्ही सोलापूरला गेलो. माणिकप्पांनी पट्टी बांधल्याचं स्वतः सांगितलं, काही लपवलं नाही. डॉक्टरबाईंनी पुन्हा जबड्याचा फोटो काढला. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं, आणि त्या फोटोकडे फार वेळ बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "अजून हाड धरलेलं नाही. आतलं मांस आवळलंय. अजून उशीर केला असता तर मी काही सांगू शकले नसते. आता काड्यांना एक दिवसही सुटी नाही."

सुटी दिली गेली नाही. शाळा सुरू झाल्यावर काड्या दप्तरात आल्या. मधल्या सुट्टीत शिवप्रिया काड्या लावून बसायची आणि पोरं मोजायची. एकदा माणिकप्पांनी बांबूच्या कामट्या घासून, गुळगुळीत करून डॉक्टरबाईंना दाखवल्या, ह्या जास्त टिकतील म्हणून. त्यांनी बोट फिरवून बघितलं आणि म्हणाल्या, "बांबूची कूस हिरडीत लागेल. आपल्या काड्याच बऱ्या." ते कामट्या परत पिशवीत घालून घेऊन आले. वाईट वाटल्याचं दिसलं नाही. दिवाळीला शिवप्रियानं शंकरपाळे चावून खाल्ले आणि गौराबाईनं ते मला मुद्दाम बोलावून दाखवलं.

त्यानंतर मी निवृत्त झाले. शिवप्रिया आता नळदुर्गाला अकरावीत आहे. हनुवटी अजून मागेच आहे, वाढ पूर्ण झाल्यावर आणखी एक शस्त्रक्रिया करायची आहे. ती आडवी होऊन झोपते. तोंडात तिची तीन बोटं मावतात, कधी थंडीत अडीच. काड्या अजून चालू आहेत. सकाळी धार काढून आल्यावर माणिकप्पा तिच्या समोर बसतात.

त्यांच्या दारात लोक अजून येतात. मनगट, घोटा, खांदा ते बसवतात, पण आधी नळदुर्गाला जाऊन फोटो काढून आणायला सांगतात. मागच्या पंचमीला शेजारच्या वाडीवरचं एक पोर झोक्यावरून हनुवटीवर पडलं. त्याची आई त्याला कडेवर घेऊन आली. माणिकप्पांनी त्याच्या कानापुढे दोन बोटं ठेवली, तोंड उघडायला सांगितलं, आणि पिशवी न उघडता सोलापूरला न्यायला मोटारसायकल काढली. हनुवटीचं काम ते घेत नाहीत.